तात्यांची नजर आणि कोर्टावरच्या लाइटी

कामावर वायरीचे तुकडे साठतात, तसेच किस्सेही साठतात. तुकडे भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोण नेणार? ते आपले चहावर सांगून मोकळं व्हायचं!

आमचं काम बॅडमिंटनच्या हॉलचं. लाइटी कुठे, किती, वायर कुठून न्यायची हे मी कागदावर काढतो. परांचीवर चढून ते प्रत्यक्षात आणतात आमचे बिरुतात्या. घर मेंढपाळाचं. "चालता कळप नजरेनं मोजलाय मी. मला टेप कावून लागंल बे?" आणि खरंच, त्यांनी टांगलेली लाइटींची रांग दोरी लावल्यासारखी सरळ असायची. पण त्याच नजरेत आता मोतीबिंदू उतरला होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की तात्या भडकायचे. "डोळा बिघडला तर मला वर कोन चढू देईल?" एवढीच त्यांची भीती.

*

तलवाड्याच्या हॉलला मी लाइटी कोर्टाच्या दोन्ही बाजूंना काढल्या होत्या. मालक म्हणाले, "उजेड डोक्यावरच पायजे." तात्याही त्यांच्याच पार्टीत! मी दोन दिवस गावाला गेलो, तेवढ्यात दोघांनी मिळून सगळ्या लाइटी बरोबर मधोमध टांगल्या.

पहिल्याच गेमला मालकांनी मान वर केली, डोळे दिपले आणि शटल थेट नाकावर!

मी तात्यांकडे पाहिलं.

"मग मानसानं खाली बघून खेळावं!" तात्या म्हणाले.

लाइटी दुसऱ्या दिवशी बाजूला घेतल्या.

*

आमच्याकडे शटलला फूल म्हणतात. अंबाजोगाईच्या एका हॉलमालकांचा उद्घाटनाच्या सकाळी तात्यांना फोन, "तात्या, फूल दिसत न्हाई! लवकर या!"

झालं होतं असं, की त्यांनी हौसेने भिंती पांढऱ्याशुभ्र रंगवून घेतल्या होत्या. पांढरं शटल पांढऱ्या भिंतीपुढे गडप! त्यांना वाटलं, उजेडच कमी आहे. मी टूलबॉक्स घेऊन धावत पोचलो. तात्या आले ते झेंडूचे दोन हार घेऊन!

"फूल न्हाई म्हनले ना?"

भिंती नंतर हिरव्या झाल्या. हार विजेच्या पॅनेलला घातले.

*

घाटनांदूरला शिवाप्पाशेठ म्हणून किराणा दुकानदार आहेत. त्यांनी जुन्या गोदामाचं कोर्ट केलं. तीन फेजच्या वायरी लाल, पिवळी, निळी आणि न्यूट्रल काळी. तात्या दर थोड्या वेळाने वायर माझ्यापुढे धरायचे, "इंजिनेर, सांग बरं, ही कोन्ती?"

मला वाटलं, डिप्लोमावाल्याची चेष्टा चाललीय. मीही ऐटीत उत्तरं द्यायचो. तिसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. परीक्षा फक्त निळ्या-काळ्याचीच होत होती! मोतीबिंदूमुळे त्यांना निळी आणि काळी सारखीच दिसत होती. तिथे चूक म्हणजे कुणाच्या तरी जिवाशी खेळ.

"तात्या, परीक्षा माझी चाललीय का तुमची?"

त्यांनी हातातली वायर माझ्याकडे दिली. त्या दिवसापासून जोडण्या माझ्याकडे, टांगणं तेवढं त्यांच्याकडे. त्यांनी टांगलेली लाइटींची रांग तिरकी गेली. सगळ्यांना दिसत होतं, पण शेठनेही त्यावर ब्र काढला नाही. मला माझाच राग आला, तरी मीही गप्प बसलो.

*

ह्याच शेठना कोर्टावर पंखा हवा होता. मी समजावलं, वाऱ्याने शटल भरकटतं. ऐकतील तर शप्पथ! पंखा लावला. मग बाहेर जाणारं त्यांचं प्रत्येक शटल वाऱ्याने आत पडायला लागलं.

"पंखा राहू द्या," शेठ म्हणाले. "लई चांगला खेळतो!"

*

पहिल्या मॅचला शेठनी तात्यांना मानाने अंपायरच्या खुर्चीवर बसवलं. शटल कुठेही पडो, तात्यांचा निकाल ठरलेला, "आत!" लोकांना वाटलं, तात्या शेठची बाजू घेताहेत. एकदा शेठनी हात मोकळा करायला नुसतीच रॅकेट फिरवली.

"आत!" तात्या कडाडले.

"तात्या, फूल माझ्या हातात हाय! अजून मारलंच न्हाई!"

सगळा हॉल हसला. तात्याही हसले. मग खुर्चीवरून उतरताना त्यांना पायरी सापडेना. मी हात पुढे केला, तो त्यांनी पहिल्यांदाच धरला.

"चल बे इंजिनेर," ते हळूच म्हणाले. "डोळा दाखवून येऊ."

*

ऑपरेशन छान झालं. महिनाभराने तात्यांना घेऊन घाटनांदूरला गेलो. हॉलमध्ये शिरल्याबरोबर त्यांनी काळा चष्मा काढला आणि लाइटींची रांग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. पुन्हा एकदा पाहिली.

"माझ्या मागं कोन्या आंधळ्यानं हात लावला बे ह्या लाइनीला?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी शेठकडे.

"मी," मी म्हणालो. "जरा सरकवल्या होत्या."

काळा चष्मा खिशात टाकत तात्या गालात हसले.

"तरीच!" ते म्हणाले. "चल, परांची लाव."