गुदैबिया ते तुबली: दोन चाचा आणि एक तह

माझ्या निकाहाला दोन्ही चाचा हवेत, आणि तुबलीचं गॅरेज एकत्र चालवताना बिनसल्यापासून ते एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून मी बहरीनला निघाले. अब्बा म्हणाले, "माझं दोघंही ऐकत नाहीत. तू जा."

लहानपणी रत्नागिरीत अब्बांनीच मला घरी शिकवलं. दुसरं महायुद्ध संपतानाचा धडा त्यांचा खास आवडता. जपानने शरणागतीची तयारी त्रयस्थ देशांमार्फत कळवली. अट एकच: सम्राटाचं स्थान राहू द्या. "मधल्याने पदरचा शब्द घालायचा नाही," अब्बा बजावायचे.

ई-व्हिसा आधीच काढा. मी माझा विमानातही पुन्हा तपासत होते. उतरले गुदैबियात, बडे चाचांकडे. खालीच मल्याळी हॉटेल, कडक चहा, गरम पराठा. सगळं पायी मिळतं.

"येईन," बडे चाचा म्हणाले. "पण मोठा मी आहे. तुझी संमती विचारायला येणारा वकील मीच. तो नुसता साक्षीदार. सांग त्याला."

दुसऱ्या दिवशी तुबली. बसचं कार्ड घ्या, टॅक्सी महाग पडते. गॅरेजमध्ये छोटे चाचा हात पुसत आले. "काय म्हणतोय बादशहा?"

मी अट जशीच्या तशी सांगितली.

"वकील कोण, ते नवरी ठरवेल. आणि विचार त्याला, अजून माशाचं डोकं स्वतःच्याच ताटात ओढतो का?"

"हेही सांगू?"

"मग? यल्ला, चल, आधी चहा घे."

परतताना बसमधून तुबलीची खाडी दिसली, अगदी निश्चल. आणि एकदम आठवलं, जपानला आलेलं उत्तरही छोटे चाचांसारखंच होतं. ना हो, ना नाही. पुढचं सरकार कसं असावं, ते तिथली जनता ठरवेल. लाखो जीव त्या एका वाक्यावर टांगलेले, आणि कुणीतरी अनोळखी माणसाने ते न बदलता पुढे पोचवलं होतं. त्यालाही एखादा शब्द बदलावासा वाटला असेल का? माझ्याकडे तर नुसतं माशाचं डोकं होतं. ते वाक्य गाळावं, असं फार वाटलं.

गाळलं नाही. गुदैबियात बडे चाचांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "काटे असायचे त्यात. लहान होता तो. घशात अडकतील म्हणून मी घ्यायचो."

"हे त्यांना सांगू?"

"नको बेटा. मी सांगतो." त्यांनी फोन उचलला.

शेवटच्या दिवशी आम्ही तिघं झल्लाकच्या किनाऱ्यावर गेलो. दोघं पुढे चालत होते. मधे कुणाची गरज नव्हती.

आता घरी आहे. निरोप पोचवणं सोपं होतं. वकील ठरवायचं वाक्य माझं स्वतःचं होतं. दोन दिवस ते पुढे ढकललं. मग छोटे चाचांना फोन केला. "वकील बडे चाचा."

"ठीक," ते म्हणाले. "पण सुरमईचं डोकं या वेळी मला. काटे काढता येतात आता, सांग त्याला."

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं.