गोजाबाईचं औषधी दही

भवानी पेठेत गोजाबाईच्या दह्याला तोड नाही, असं सगळी गल्ली म्हणते. पहिल्यांदा म्हणाली ती गोजाबाईच. मागं तिला जुलाब झाले, तेव्हा डॉक्टरांनी चांगल्या जंतूंच्या कॅप्सूल दिल्या. गुण आला. उरलेल्या टाकून द्यायला जीव होईना, म्हणून तिनं त्या फोडून कोमट दुधात घातल्या, विरजण म्हणून. दही असं लागलं की पातेलं उपडं केलं तरी हलेना. मग काय, घरोघरी वाटीभर विरजण गेलं, वर औषधाचं गुणगान फुकट.

"गोजाक्का, माजं पोट तबल्यागत फुगलंय की," शेजारची गंगम्मा म्हणाली.

"जंतू कामाला लागल्यात. वाजू दे!"

खरा घोर तिला धाकट्या भावाचा होता. सिदूला रक्ताचा कॅन्सर. केमो सुरू झाल्यापासून त्याच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. गोजाबाई दह्याचा डबा घेऊन दवाखान्यात पोचली. कॅप्सूलची सगळी कहाणी सांगत चमचा त्याच्या तोंडाशी नेला, तोच सिस्टर धम्मप्रियानं तिचा हात धरला.

"मावशी, थांबा. त्यात जिवंत जंतू आहेत."

"चांगलं जंतू हायती, बाई. माज्या घरातलं!"

धम्मप्रियाला हसू आलं, पण हात सुटला नाही. "तुमच्यासाठी चांगले. यांच्या पांढऱ्या पेशी पार कमी झाल्यात. चांगला जंतूसुद्धा रक्तात शिरला, तर त्याला अडवायला आत कोणी नाही. क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं."

गोजाबाईचा चेहरा खर्रकन उतरला. "सिदू, चमचाभर बी ग्येलं न्हाय न्हवं पोटात?"

"तू बोलायची थांबली कुटं, आक्के, म्या खायाला?"

"मग ह्यानं खायाचं तरी काय, सिस्टर?"

"ताजं शिजवलेलं, गरम गरम. आणि आधी आम्हाला विचारून."

संध्याकाळी मुगाची मऊ खिचडी आली, वाफाळती. गोजाबाई दारातच उभी राहिली. "सिस्टर, ही चालंल का?" धम्मप्रियानं मान हलवली, तेव्हा कुठं डबा उघडला.

सिदूनं एक घास घेतला. मग दुसरा. दोन्ही ठरले.

"आक्के, मीठ कमी पडलंय."

दुसरं कुणी असं म्हणालं असतं, तर गोजाबाईनं त्याचं खानदान काढलं असतं. तिनं पदर डोळ्यांना लावला.

"व्हय रं बाबा, पडलं आसंल. आ कर."