निळीचा हात

छापखान्यात त्यांना सगळे पक्केकाका म्हणत. पुस्तक शिवून, कडा कापून, पुठ्ठा चढवून झालं की ते त्याच्या पाठीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "पक्कं!" बाइंडिंगमध्ये त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि बोलण्यात त्यांच्याइतका कच्चाही कोणी नव्हता. दोन शब्द गोड बोलायची वेळ आली की या माणसाच्या तोंडात जणू पुठ्ठे चिकटवायची खळ भरायची.

बायको गेली त्या दुपारी दवाखान्यातून मुलीचा फोन आला होता. "एवढं कटिंग उरकून निघतो," काका म्हणाले. पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने दुसऱ्या शहरात खोली घेतली आणि बापलेकीत उरली ती एक पत्र्याची पेटी.

पेटीत कॉमिक्स होती, परग्रहावरून आलेल्या एका निळ्या योद्धीची. बाई अमर. एका अंकात मरायची आणि पुढच्या अंकात तलवार परजत हजर. "हिला यमसुद्धा घरात घेत नाही," असं काका पूर्वी चिडवायचे आणि मायलेकी हसायच्या. मुलगी तिला नुसतं निळी म्हणे. प्रत्येक अंक वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, मागे पुठ्ठा लावून ठेवलेला. त्यातला पहिला अंक म्हणजे तिचा जीव की प्राण. आईने जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घालून तो तिला वाढदिवसाला आणून दिला होता. निळी त्यात दिसते ती थेट शेवटच्या पानावर, आणि तीही पुरती नाही. पानाच्या अगदी कडेला, भिंतीआडून आलेला एक निळा हात, बस्स. पण ते तिचं पहिलं दर्शन, म्हणून अंक जमवणारे त्या हातासाठी वेडे झालेले. कितीतरी जणांनी मागितला, मुलीने दिला नाही. काकांना तो अंक तिचा लाडका आहे एवढं ठाऊक होतं. का, ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

तिच्या खोलीत ओल होती, म्हणून पेटी बापाकडेच राहिली. अधूनमधून ती "पेटी बघायला" यायची. अंक तपासायची, चहा घ्यायची, निघायची. काका समोर नुसते बसून राहायचे. पेटी आहे म्हणून पोरगी येते, हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते.

मग एके दिवशी पेटीच्या तळाशी कसर दिसली, कागद खाणारी. अंकच गेले तर पोरगी कशाला येईल? पेटी उचलून काका थेट छापखान्यात गेले आणि त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. पिना काढल्या, अंक क्रमाने लावले, हाताने दुहेरी शिलाई घातली. कडा न कापलेलं पुस्तक म्हणजे केस न विंचरलेलं पोर, असं ते नव्या कामगारांना सांगत. मशीनचं पातं खाली आलं आणि तिन्ही कडा आरशासारख्या गुळगुळीत झाल्या. वर निळं कापड, त्यावर सोनेरी अक्षरं. बोलून जे कधी जमलं नाही ते या पुस्तकातून पोरीला कळेल, अशी त्यांना वेडी आशा होती. ते मनापासून म्हणाले, "पक्कं!"

मुलगी आली. टेबलावर पेटीऐवजी पुस्तक बघून ती उभीच राहिली. मग बसली आणि पहिल्या अंकाचं शेवटचं पान उघडून बघत राहिली. तिथे भिंत होती. हात नव्हता.

"बाबा, कापलेल्या कडा कुठे आहेत?"

"कातरण? रद्दीत गेली. का गं?"

"इथे तिचा हात होता. एवढाच होता."

काकांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. कसर लागली होती म्हणून, असं काहीतरी ते पुटपुटले. तिने रागावावं, पुस्तक भिरकावून द्यावं, असं त्यांना फार वाटलं. तिने हळूच शिलाईवरून बोट फिरवलं.

"शिलाई छान आहे," ती म्हणाली.

"शंभर वर्षं सुटायची नाही," काका सवयीने बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

चहा तसाच राहिला. तिने चपला घातल्या. पुस्तक टेबलावरच होतं.

"हे नेत नाहीस?"

"राहू दे तुमच्याकडे."

"बरं. मग आता कधी येशील?"

ती दारात थांबली. आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं, म्हणून तिने विचारलं, "आता कशाला येऊ, बाबा?"

काकांच्या तोंडात खळ भरली. जिन्यावरून तिची पावलं खाली गेली, खालचं दार वाजलं. मग ते एकटेच त्या रिकाम्या दाराला म्हणाले, "मला भेटायला."