भाड्याच्या छताला एकशे चाळीस खिळे

मावशींनी आयुष्यभर शिवणकाम केलं. बिऱ्हाड एकाच खोलीत, तिसऱ्या मजल्यावर, पत्र्याखाली. इमारत भाड्याची, खाली दुकानं, मध्ये कचेऱ्या, वर माणसं. लग्न होऊन आल्या तेव्हा पत्रा उन्हाळ्यात तव्यासारखा तापायचा आणि थंडीत हाडं गोठवायचा. पंखा आणि शेगडी विजेचा घास घेत राहायचे, तरी जिवाला आराम नसायचा.

नवरा थोरल्या मालकांकडे गेला. "छताला आतून काहीतरी लावून द्या."

"विजेचं बिल तुम्ही भरता. मला काय टोचतंय?"

"मग मीच लावतो."

मालकांनी करारनामा पुढं सरकवला. भिंतीला, छताला एकही खिळा मारायचा नाही. मारला तर खोली खाली करायची.

नवरा-बायको वादात पडले नाहीत. मशीनखाली कात्रणांचा ढीग पडायचाच. गिऱ्हाइकाला विचारून मावशी ती ठेवून घ्यायच्या, त्यात घरचे विरलेले कपडे घालायच्या आणि त्यांच्या पातळ गाद्या शिवायच्या. मग नवरा त्या पत्र्याखालच्या वाशांना ठोकायला स्टुलावर चढायचा. त्यानं हातोडी उचलली की मावशी मशीन भरधाव सोडायच्या, ठोक्यांचा आवाज त्यात बुडून जायचा. खालून कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "मशीन म्हातारं झालंय हो, खोकतंय." मग दोघं तोंडाला कापड लावून हसायची. ते दिवस गरिबीचे होते, पण काय दिवस होते!

एक कोपरा तेवढा राहिला आणि नवरा गेला. एकटीला हातोडी आणि मशीन दोन्ही चालवता येईना. कोपरा उघडाच राहिला. गाद्यांखाली पांढरी चादर ताणलेली, त्यामुळे कुणाला काही दिसत नव्हतं.

वर्षं गेली. थोरल्या मालकांचा मुलगा मालक झाला. मग नियम आला, की भाड्याच्या इमारतींनी वीज आणि जळण कमी खर्चायचं, हवेत जाणारा कार्बन कमी करायचा. नाहीतर भाडेकरू ठेवायचे नाहीत. भर उन्हाळ्यात तपासणीस बाई आली. तिच्या उष्णता दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर वरच्या बाकीच्या खोल्यांची छतं लालभडक दिसली. मावशींचं निळं होतं, एका कोपऱ्यापुरतं लाल.

"वीजही इतरांच्या निम्मीच जळते," बाई कागद पाहत म्हणाली.

मालक हसले. "मावशी, तारेवर आकडा टाकलाय का काय?"

दारात शेजारी जमले होते. कुणी हसलं नाही.

खरं सांगावं तर खोली जाते, गप्प राहावं तर आपण चोर ठरतो. साठीच्या बाईनं जायचं कुठं? पण चोर म्हणवून घेऊन त्याच शेजाऱ्यांत राहायचं तरी कसं?

"गिऱ्हाइकाची वीतभर चिंधी कधी लपवली नाही मी," त्या म्हणाल्या. "वीज चोरीन?"

त्या स्टुलावर चढल्या आणि कात्रीनं चादरीची शिवण उसवली. "मोजा. एकशे चाळीस खिळे. करार मोडलाय. आता बोला."

मालकांनी मान वर करून पाहिलं. "बाबांना कळलं नाही कधी?"

"त्यांनी कधी वर पाहिलं नाही."

तपासणीस बाई म्हणाली, "वरच्या मजल्यावर नियमात बसणारी हीच एक खोली आहे, मालक. पण कापड पेट घेतं, हे उतरवावं लागेल. न पेटणारे तक्ते तुम्ही लावायचे, सगळ्या बिऱ्हाडांना."

"लावतो," मालक म्हणाले. "मावशी, तुम्ही कुठं जाऊ नका. ते कलम मी काढून टाकतो."

"तोंडी नको. खोडून सही करा."

मालकांनी कापड बेतायच्या टेबलावर करारनामा ठेवून कलम खोडलं आणि सही केली.

आठवड्यानं कारागीर तक्ते घेऊन आला. त्यानं पहिली गादी ओढली तशी ती फाटली आणि कात्रणं खाली सांडली. दुसऱ्या मजल्यावरच्या कारकुनाचा करडा कोट, शेजारच्या पोरीचा शाळेतला निळा झगा, आणि नवऱ्याच्या एकुलत्या एक चांगल्या सदऱ्याची बाही.

मावशींनी बाही उचलून मांडीवर सरळ केली.

"मावशी, बसा तुम्ही. मी उतरवतो सगळं."

"नको रे. लावल्या आम्ही दोघांनी," त्या पक्कड घेऊन उठल्या. "तू स्टूल धर."