फेमकेनंतरची फेमके

गोस्से हेट्टिंगा इम्टे स्यार्डाच्या शेतावर पहिल्यांदा सायकलवरून उतरला, तेव्हा इम्टेने गोठ्याच्या दारात उभं राहून "फेमके!" अशी एकच आरोळी ठोकली. त्या आरोळीने अर्धा फ्रिसलँड प्रांत जागचा हलला, असं गोस्से पुढे जन्मभर शपथेवर सांगायचा. गोठ्यातल्या गाईंनी एकदम माना वर केल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एका म्हातारीचं डोकं बाहेर आलं. लोणी काढणारी बाई "आले, आले" करत हातातल्या भांड्यासकट धावत सुटली. मागच्या कालव्यातून चाललेल्या मालाच्या नावेने भोंगा वाजवला, कारण तिच्याही नाकाडावर फेमके असंच रंगवलेलं होतं. आणि गवताच्या माळ्यावरून इम्टेची दांडगी पोरगी शिडीला हातही न लावता खाली आली, ती थेट गोस्सेच्या पेन्सिलींच्या डब्यावर.

"कुठली हवीय?" अंगावरचं गवत झटकत तिने विचारलं.

"वासरू," गोस्से म्हणाला. "नवीन झालेलं."

"मग मी नव्हे. मला जन्माला येऊन बरीच वर्षं झाली."

गोस्सेचं काम वासरांची चित्रं काढण्याचं. आमच्याकडच्या काळ्यापांढऱ्या गाई लांबून सगळ्या सारख्या दिसतात, पण दोन गाईंचे डाग कधी जुळत नाहीत. म्हणून गाईंची वंशावळ ठेवणाऱ्या संघाचा माणूस शेतोशेत फिरायचा आणि प्रत्येक वासराचे डाग डावीकडून, उजवीकडून कागदावर उतरवून घ्यायचा. नावाची भानगड त्याच्याकडे नव्हती. गाय फेमके असली की तिची मुलगी फेमके, मुलीची मुलगी फेमके, पुढे फक्त आकडा वाढत जायचा. त्या दिवशीचं वासरू होतं फेमके अडतीस. गोस्सेने ते अगदी मन लावून काढलं, पण मन होतं माळ्याच्या शिडीपाशी. चित्र संघाच्या कचेरीतून परत आलं. वासराला पाच पाय होते.

ते नीट करायला त्याला पुन्हा जावं लागलं, मग पुन्हा. तिसऱ्या खेपेला इम्टेने त्याला कॉफी पाजली आणि म्हणाला, "हे बघ गड्या, या वासराला आता शिंगं फुटायला लागली. तू नक्की कुणाचं चित्र काढतोयस?"

लग्न झालं. ज्या नावाने जन्मभर हाका मारायच्या त्याचा अर्थ तरी ठाऊक असावा, असं गोस्सेला वाटलं. त्याने पाद्रीबुवांना विचारलं. ते म्हणाले, हे नाव शांतता या अर्थाच्या एका जुन्या शब्दावरून आलं. आदल्याच दिवशी फेमकेने अंडीवाल्याला लाकडी बूट फेकून मारला होता, त्यामुळे हे काही गोस्सेला पटेना. मग त्याने शाळामास्तरांना गाठलं. "छे छे," मास्तर म्हणाले, "नुसतं पोरगी. शेवटचं 'के' हे शेपूट म्हणजे छोटीशी. छोटीशी पोरगी, बस." त्या वेळी ही छोटीशी पोरगी, म्हणजे फेमके, दारासमोर दुधाचे दोन भरलेले कॅन दोन हातांत घेऊन उभी होती आणि "चल ना रे, काय गप्पा मारतोस" असं ओरडत होती.

घरी जाऊन गोस्सेने दोन्ही अर्थ तिच्यापुढे ठेवले.

"दोघेही येडे," फेमके म्हणाली. "फेमके म्हणजे माझी बेप्पे."

बेप्पे म्हणजे आजी. खिडकीतून डोकावलेली म्हातारी ती हीच.

"अगं, पण बेप्पेच्या आधी?"

"तिची बेप्पे."

"आणि सगळ्यांत पहिली?"

"पहिली कुणी नसते, गोस्से. गाईंचं कळतं, मग माणसांचं का कळत नाही तुला?"

गोस्सेला खरंच कळलं नाही. पण एवढं त्याच्या ध्यानात आलं की हे नाव त्याच्या बायकोचं नाही, तिच्याकडे ते नुसतं ठेवायला दिलंय. आजीने दिलं, नातीला द्यायचं. मधल्या काळात हरवायचं नाही.

आणि मग झाले मुलगे. पहिला रिन्से, गोस्सेच्या वडिलांचं नाव. दुसऱ्याला फेमकेच्या वडिलांचं. तिसऱ्या वेळी शेजारणी साखरपाव घेऊन दाराशी आल्या, कारण मुलगी झाली की आमच्याकडे बाळंतिणीला साखरपाव देतात आणि या खेपेला मुलगीच असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. तिसराही मुलगाच निघाला. साखरपाव परत कसा न्यायचा म्हणून शेजारणींनी तिथेच बसून खाल्ला.

"काही हरकत नाही," फेमके म्हणाली. "नात आहे की."

नात यायला वेळ होता. दरम्यान समुद्रावरच्या मोठ्या बांधापलीकडे, तिकडे हॉलंडमध्ये, काहीतरी विचित्र सुरू झालं. फेमके तरुणपणी शहरात एका डॉक्टरकडे कामाला होती, तेव्हा डॉक्टरीणबाई तिला मीस या शहरी नावाने हाक मारायच्या. फेमके म्हटलं की त्यांना घरात शेण आल्यासारखं वाटायचं. आणि आता त्याच शहरांतले लोक, गाईला म्हैस म्हणतील असले लोक, आपल्या पोरींची नावं फेमके ठेवायला लागले. वकिलांच्या घरी फेमके, विमान चालवणाऱ्याच्या घरी फेमके. एकदा गोस्से आणि फेमके हारलेमला थोरल्या मुलाकडे, रिन्सेकडे गेली होती. बागेत फिरताना मागून एक बाई खेकसली, "फेमके! चिखलातून बाहेर ये, आत्ताच्या आत्ता!" साठीला टेकलेली फेमके दचकून गवतावर चढली आणि आपले बूट पाहू लागली. चिखलात बसली होती एक चार वर्षांची कार्टी.

फेमके त्या बाईपाशी गेली. "कुणाचं नाव ठेवलंत हो?"

"म्हणजे?"

"हिची आजी फेमके का?"

"छे, हिच्या आज्या विल्मा आणि ट्रूस." बाई हसली. "कानाला बरं वाटलं, म्हणून ठेवलं."

फेमके त्या दिवशी जेवली नाही. "कानाला बरं वाटलं!" ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "उद्या कुणाच्या डोळ्याला माझा नवरा बरा वाटेल!"

या भीतीत गोस्सेला फारसा दम दिसला नाही. पण आपण खूश व्हायचं की दुःखी, हे त्याला ठरवता येईना. नाव मरणार म्हणून बायको वर्षानुवर्षं झुरत होती, आणि आता ते सगळीकडे गवतासारखं माजलं तरी ती झुरतच होती. बायकोचा भाऊ आता शेत पाहायचा. त्याच्या गोठ्यात फेमके शहाऐंशी नुकतीच झाली होती.

"गाईंमध्ये कसं बिनबोभाट चाललंय बघ," गोस्से म्हणाला.

"गाईंना अक्कल असते," फेमके म्हणाली.

मग एकदाचा रिन्सेचा फोन आला, मार्योलाइनला दिवस गेलेत. मार्योलाइन म्हणजे सून, हॉलंडची. बालवाडीत शिकवायची. स्वभावाने गोड, पण सासूला सरळ नावाने हाक मारायची, "फेमके, कॉफी घेतेस?" पहिल्यांदा हे ऐकून गोस्सेने कॉफीत दोनदा साखर घातली होती. आता मात्र फेमकेला वाटलं, एवढ्या वेळा तोंडात घोळवलेलं नाव पोरीला द्यायला हिला काय जड आहे? तिने गोस्सेला बोल्सवर्डच्या सोनाराकडे पिटाळलं. नातीला नाव दिलं की आजीने चांदीचा चमचा द्यायचा, त्यावर ते नाव कोरलेलं. मूल व्हायच्या आधी कोरून घ्यायचं का, असा प्रश्न तिला पडलाच नाही. आमच्यापैकी कुणालाच पडला नसता.

गोस्से सोनाराकडे निघणार तेवढ्यात पुन्हा फोन वाजला.

"हाइत," रिन्सेचा आवाज दबका होता. आमच्याकडे बापाला हाइत म्हणतात आणि आईला मेम. "मेम जवळ आहे का?"

"कोंबड्यांकडे गेलीय. बोल."

"मुलगी आहे म्हणतात डॉक्टर. पण हाइत, फेमके नाही हो जमणार."

"का बरं?"

"मार्योलाइनच्या वर्गात चार आहेत. एक रडते, एक पळून जाते, एक गोंद खाते."

"आणि चौथी?"

"चावते. परवा मार्योलाइनलाच चावली. ती म्हणते, दिवसभर वर्गात फेमके, फेमके ओरडायचं आणि घरी येऊन पुन्हा तेच? शिवाय लोक म्हणतील, फॅशन म्हणून ठेवलं."

"फॅशन?" गोस्सेला बसायला खुर्ची सापडेना. "अरे, तुझ्या मेमची बेप्पे…"

"ते मला माहीत आहे. लोकांना कुठे माहीत आहे? तुम्ही सांगा ना मेमला. तुम्ही बरोबर सांगाल."

गोस्सेने आयुष्यात फेमकेला कुठलीही गोष्ट बरोबर सांगितलेली नव्हती. त्याने कोंबड्यांकडे पाहिलं, फेमके त्यांच्याशी नातीविषयी बोलत होती. त्याने टोपी घातली, बोल्सवर्डला गेला आणि सोनाराला म्हणाला, "फेमके कोरा." का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. कोरल्यावर कदाचित ते खरं होईल, असं काहीतरी त्याच्या डोक्यात असावं. त्यानंतर रोज सकाळी तो ठरवायचा की आज सांगू, आणि रोज कुठलं तरी वासरू जन्माला यायचं.

नात जन्मली. फेमके साखरपाव मांडीवर घेऊन गाडीत बसली आणि हारलेमपर्यंत तो तिने कुणालाही धरू दिला नाही. चमचा गोस्सेच्या कोटाच्या खिशात होता आणि त्याला तो बरगड्यांत रुतल्यासारखा वाटत होता. वाटेत अल्कमारच्या पुढे तो म्हणाला, "फेमके, एक सांगायचं होतं."

"उतरल्यावर सांग. आता माझं चित्त ठिकाणावर नाही."

घरी मुलगी झाली म्हणून गुलाबी बडीशेप पेरलेले टोस्ट तयार होते. मार्योलाइन पलंगावर बसली होती. फेमकेने बाळ उचललं, कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "फेमके."

रिन्से बापाकडे पाहू लागला. गोस्से टोस्टकडे पाहू लागला.

"हाइत, तुम्ही सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं होतं?" फेमकेने विचारलं.

मग सगळे एकदम बोलायला लागले. गोंद, चावणं, फॅशन सगळं बाहेर आलं. फेमकेने ते उभ्याउभ्या ऐकलं. ती ओरडली नाही, काही फेकलं नाही, त्यामुळे गोस्से फारच घाबरला. शेवटी ती एवढंच म्हणाली, "माझ्याकडे ठेवायला दिलं होतं गं. मी आता ते कुठे ठेवू?"

मार्योलाइनला यातलं सगळं कळलं असेल असं नाही. पण मुलांची भांडणं सोडवण्याचाच तिचा धंदा होता. तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "हे बघ, फेमके. कागदोपत्री फेमके ठेवू. नोंदीत, पासपोर्टावर, सगळीकडे. हाक मारायला मात्र रोमी. असं करतात बरेच जण. चालेल?"

"रोमी कुणाचं नाव?"

"कुणाचंच नाही."

फेमकेने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "म्हणजे आहे फेमके, पण म्हणायचं नाही?"

"तू म्हण की. तुला कोण अडवतंय?"

चमचा बाहेर आला. नाव बरोबर होतं. सगळ्यांनी तो हातात घेऊन पाहिला, साखरपाव कापला गेला आणि रिन्सेने बापाच्या पाठीवर थाप मारली, जणू सगळं त्यानेच जुळवून आणलं होतं.

परतीच्या गाडीत फेमके खिडकीबाहेर पाहत होती.

"गोस्से, ते मिळालं की गेलं?"

"निम्मं निम्मं," तो म्हणाला.

"निम्मं नाव असतं का कधी?"



फेमके नातीला शेवटपर्यंत फेमकेच म्हणाली. पोरगी सुट्टीत गावी यायची तेव्हा अंगणातून "फेमके, जेवायला चल!" अशी हाक यायची आणि पोरगी जागची हलायची नाही. म्हातारी स्वतःलाच हाका मारते, असं तिला वाटायचं, आणि वय झालं की होत असेल असं, म्हणून ती बिचारी कुणाला बोलली नाही. तिला खरी गोष्ट कळली ती शाळेत परीक्षेला बसताना, ओळखपत्र पाहून. तिने घरी येऊन विचारलं, "हे नाव कुणाचं आहे?"

फेमके त्यानंतर पुष्कळ वर्षांनी गेली, गोस्से तिच्या पाठोपाठ. मेहुण्याने गाई विकल्या आणि शेतावर ट्युलिपचे कंद लावले. रोमी आता उट्रेक्टला असते. तिला एकच मूल आहे, मुलगा. त्याचं नाव मॅक्स.