खुडबुडबाईंची बिनतारी घंटा

खुडबुडबाई कपडे शिवायच्या. दुकानाच्या एका कोपऱ्यात शिलाई मशीन, दुसऱ्या कोपऱ्यात तारा, बॅटऱ्या, सोल्डर आणि मुंगीएवढे सुटे भाग. दोन्हीकडची बटणं मात्र एकाच डब्यात. त्यामुळे एकदा समोरच्या दातांच्या डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाला तिसरं बटण असं लागलं, की दाबलं की टिक् वाजायचं. डॉक्टरांनी तक्रार केली नाही. कंटाळा आला की ते स्वतःच दाबत बसायचे. बाईंना खरं नाव होतं, पण ते घ्यायला कुणाला सवड नव्हती.

त्यांचे सासरे वरच्या मजल्यावर राहायचे. सूनबाई मामंजी म्हणते म्हणून सगळी गल्ली त्यांना मामंजी म्हणू लागली. जन्मभर शाळेत कवायत शिकवलेला माणूस. नोकरी संपली, आवाज संपला नाही. "सूनबाई, चहा!" अशी आरोळी वरून आली की खाली शिवण वाकडी जायची, आणि माप देणारं गिऱ्हाईक आपोआप 'सावधान'मध्ये उभं राहायचं.

"मामंजी, हळू मारा ना हाक. काल मी बाही गळ्याला जोडली."

"हळू मारली तर ती हाक कसली? ती कुजबुज!"

वादात वेळ घालवण्यापेक्षा बाईंनी घंटा बनवायला घेतली. दोन कप चहाच्या किमतीत मिळणारी ट्रान्समीटर आणि रिसीव्हरची जोडी त्यांनी आणली. ट्रान्समीटर साबणाच्या रिकाम्या डबीत बसवला, वर एक बटण लावलं आणि डबी मामंजींना दिली. रिसीव्हरला वीतभर तारेचा एरियल आणि एक छोटा स्पीकर जोडून तो मशीनशेजारी ठेवला. वर बटण दाबलं की खाली 'टिर्र टिर्र'. झालं काम.

पण स्वस्त रिसीव्हरला कान असतात, अक्कल नसते. कुणी काही बोलत नसलं की त्याला करमत नाही, मग तो स्वतःशीच खरखरत बसतो. दिवसभर शेजारी कुणी चुरमुऱ्यांची पिशवी चाळवतंय असं वाटायचं. शेवटी बाईंनी वैतागून त्याची बॅटरी काढून ठेवली. म्हटलं, सवडीने दुरुस्त करू.

त्याच दुपारी गल्लीत बोंब झाली.

डॉक्टर जेवून आले आणि दवाखान्याचं रिमोटवरचं शटर उघडेना. बाहेर एक पेशंट गाल धरून उभा, गाल नारळाएवढा. पलीकडे क्लासवाल्या बाईंची गाडी भोंगा वाजवत होती आणि रिमोट कितीही दाबला तरी गप्प बसत नव्हती. डॉक्टर रिमोट डोक्यावर धरून दाबतायत, क्लासवाल्या बाई गाडीला "पुरे, पुरे" म्हणतायत, पेशंट नुसता कण्हतोय.

गोंगाट ऐकून मामंजी खाली आले. आल्याआल्या शटरकडे बोट रोखून गरजले, "उघड!"

डॉक्टरांनी रिमोट दाबला. शटर उघडलं.

मामंजी गाडीकडे वळले. "चूप!" क्लासवाल्या बाईंनी बटण दाबलं, भोंगा चूप.

"मुलं काय, यंत्रं काय," मामंजी म्हणाले, "आवाजात जरब लागते." आणि छाती पुढे काढून वर गेले.

ते गेले आणि पाचच मिनिटांत शटर पुन्हा हटून बसलं. ऊन आत येतं म्हणून डॉक्टरांना ते अर्धं खाली घ्यायचं होतं. गाडीनेही पुन्हा गळा काढला. लोकांनी मामंजींना बोलावून आणलं. मामंजी आले, शटर हललं, भोंगा थांबला. ते परत गेले, पुन्हा तीच गत. तिसऱ्या खेपेला तर लोक त्यांना "पाय लागू द्या हो इकडे" म्हणू लागले.

खुडबुडबाई दारातून हे बघत होत्या. यंत्र रुसतं, बिघडतं, जळतं, पण धाक? ते काही त्यांना पटेना. मामंजी वर गेल्यावर त्यांनी रिसीव्हरला बॅटरी लावली. खरखर नाही! सलग 'टिर्र टिर्र टिर्र' चालू.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "कुणीतरी अखंड बोलतंय. आपले सगळ्यांचे रिमोट एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. एकाने तोंड बंदच केलं नाही, तर बाकीच्यांचं ऐकू कसं येणार?"

"आमच्या बैठकीत असंच होतं," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी एरियलची तार काढून टाकली, म्हणजे रिसीव्हरला लांबचं ऐकू येऊ नये. मग तो पुढे धरून त्या निघाल्या. मागे डॉक्टर, क्लासवाल्या बाई आणि गालवाला पेशंट. दवाखान्याशी खरखर. गाडीशी खरखर. स्वतःच्याच जिन्यापाशी आल्यावर 'टिर्र'. बाईंचा चेहरा पडला. वरच्या खोलीत तर रिसीव्हर बेंबीच्या देठापासून ओरडू लागला.

मामंजी आरामखुर्चीत पेपर वाचत होते.

"मामंजी, जरा उठा."

ते उठले. खरखर.

"बसा."

टिर्र.

"पुन्हा उठा. बसा. उठा."

जन्मभर दुसऱ्यांना उठाबशा घालायला लावलेला माणूस सवयीने मोजू लागला, "एक! दोन! तीन!" गालवाला पेशंट एवढ्या मोठ्याने हसला की डॉक्टर त्याच्या तोंडात डोकावून म्हणाले, "असंच ठेवा, दिसतोय मला तो दात."

खुर्चीच्या उशीखालून साबणाची डबी निघाली.

"म्हणजे शटर माझ्या आवाजाने उघडत नव्हतं?" मामंजी खट्टू झाले.

"नाही, मामंजी. पण बंद मात्र तुमच्यामुळेच पडत होतं."

यावर ते जरा सावरले. सगळी गल्ली बसल्या जागेवरून बंद पाडणं म्हणजे काही कमी नव्हे, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. बाईंनी गल्लीची माफी मागितली, बटणावर झाकण बसवलं आणि दोन टिर्रांनंतर डबी आपोआप गप्प होईल अशी जोडणी केली.

हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघूनही क्लासवाल्या बाईंचा विश्वास काही ढळला नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांची गाडी बाजारात बंद पडली, तेव्हा त्यांनी मेकॅनिकला नाही, मामंजींना फोन केला. मामंजी इस्त्रीची पँट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून गेले. "चल!" म्हणाले, दोनदा म्हणाले. गाडी ढिम्म. मग त्यांनी भाजीवाल्यांना रांगेत उभं केलं, शिट्टी फुंकली आणि सगळ्यांकडून गाडीला धक्का मारून घेतला.