नाकपट्टीवरची घोडी

महायुद्ध संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात कोल्हारच्या देवी डॉक्टरांनी आपली घोडी मिरजगावच्या एका व्यापाऱ्याला विकली. डॉक्टरांचा गुडघा धरला होता. रिकिबीत पाय जात नव्हता.

ते खरे डॉक्टर नव्हते. गावोगाव फिरून देवीची लस टोचत, म्हणून ते नाव पडले. आमचे घर त्यांच्या घराला लागून. आधीचा घोडा होता तेव्हा थंडीत ते ओसरीवर बसून लगामाची घोड्याच्या तोंडात जाणारी लोखंडी कडी काखेत धरत, मग स्वतःच्या ओठांना लावून पाहत. गार लागली तर पुन्हा काखेत. जाणारे-येणारे विचारत, "डागदर, आज न्याहारीला लोखंड का?" ते म्हणत, "सुईसुद्धा अशीच तपासून घेतो. या, टोचून घ्या." विचारणारा थांबत नसे.

मग ही घोडी, चंद्री, आली तेव्हा तिच्या जिभेवर आडवा वण होता. आधीच्या मालकाने काटेरी लगाम वापरला होता. डॉक्टरांनी मधे सांधा असलेली कडी घालून पाहिली. घोडी मान उडवू लागली. सरळ सळईची घातली. ती दात आवळून उभी राहिली. शेवटी लोखंड काढले आणि चांभाराकडून कातड्याची नाकपट्टी शिवून घेतली. ती नाकावरून जाई आणि हातातल्या वाद्या तिलाच जोडलेल्या. "लोखंडाबिगर घोडी थांबती व्हय?" असे लोक विचारत. डॉक्टर म्हणत, "मी अजून हातीपायी धड आहे, त्यावरून ठरवा."

पट्टी नाकाच्या हाडावर बसली पाहिजे आणि आत दोन बोटे गेली पाहिजेत, असा त्यांचा नेम होता. खाली मऊ भागावर आली की घोड्याचा श्वास कोंडतो. एकदा घोडीवर बसलेल्या त्यांच्या मेहुण्यांनी भीतीपोटी पट्टी खाली ओढून शेवटच्या भोकापर्यंत आवळली. घोडी प्रवरेच्या पाण्यात मधोमध उभी राहिली. काठावरून डॉक्टर ओरडले, "पट्टी सैल करा!"

"पडेन ना मी!"

"मग तिथंच राहा. जेवण पाठवतो."

मेहुण्यांनी पट्टी सैल केली. घोडी चालू लागली.

व्यापारी घोडी न्यायला आला तो काटेरी लगाम घेऊन. डॉक्टरांनी तो हातात घेतला आणि परत दिला. "हा तिला चालायचा नाही. जीभ कापलेली आहे."

"वाटंत नगर लागतंय, डागदरसाहेब. पलटनीच्या मोटारी हायेत. बुजली तर तुमी येनार का धरायला?"

"नाकपट्टीवर नदीपर्यंत जाऊन या. नाही थांबली तर सौदा मोडू."

व्यापारी जाऊन आला. "लई हलकी हाय की," म्हणाला, "नुसती करंगळी हलवली तरी वळती. मग ही पट्टी द्या आमाला."

येथे अडले. जनावर विकायचे, पण त्याचे दावे किंवा लगाम द्यायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. त्याबरोबर गोठ्याची लक्ष्मी जाते म्हणतात. काकू, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, पट्टी काढून घ्यायला दारात उभ्याच होत्या. डॉक्टरांनी आयुष्यात कुठल्याही रीतीवर त्यांच्याशी वाद घातला नव्हता. ते म्हणाले, "अगं, पट्टी ठेवून घेतली तर तिच्या तोंडात काटे जातील."

काकू ओसरी उतरून आल्या. घोडीच्या नाकावरून हात फिरवला, पट्टीत दोन बोटे घालून पाहिली. मग व्यापाऱ्यापुढे हात केला.

"तुमचा लगाम द्या. आमची खुंटी रिकामी राहायची नाही."

"आवो वैनी, नवा हाय त्यो!"

"म्हणूनच मागते. जुना तुमच्याकडे दुसरा असेल, तर तोही आणून द्या."

व्यापाऱ्याने लगाम दिला. काकूंनी तो आत नेऊन खुंटीला अडकवला. डॉक्टर वेशीपर्यंत लंगडत गेले आणि दुपारी जेवले नाहीत.

दिवाळीनंतर मिरजगावचा एक मनुष्य लग्नासाठी कोल्हारला आला होता. घोडी ठीक आहे, पट्टी एकदा उसवली होती, ती तिथल्या चांभाराने पुन्हा शिवली, असे त्याने सांगितले.